महासाथीच्या काळात मोठ्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरवाव्यात का?

धावरेषा (प्रश्न)

कोविडच्या काळात झालेल्या क्रीडास्पर्धांचा विषय माझ्या मनातून अजून गेलेला नाही. २४ मार्च २०२० रोजी टोकियो ऑलिंपिक पुढे ढकलण्याचा निर्णय झाला, तेव्हा तो मला योग्य वाटला होता. पुढच्या वर्षी, २३ जुलै २०२१ रोजी, टोकियोत आणीबाणी लागू असताना त्याच ऑलिंपिकचे उद्घाटन जवळजवळ रिकाम्या स्टेडियममध्ये झाले. तेही मी पाहिले आणि पुढचे सतरा दिवस स्पर्धा आवडीने पाहत राहिलो. मात्र याच दिवसांत टोकियोतील रोजची रुग्णसंख्या प्रथमच पाच हजारांच्या पुढे गेली. एकाच बातमीपत्रात आधी पदकतालिका आणि लगेच नव्या रुग्णांचा आकडा ऐकताना जी अस्वस्थता वाटली, तिच्यावर पुष्कळ विचार करूनही माझे मत पक्के होत नाही.

पुढे कधी अशी साथ आली, तर विश्वचषक किंवा ऑलिंपिकसारख्या स्पर्धा रद्द कराव्यात, पुढे ढकलाव्यात, की प्रेक्षकांविना भरवाव्यात? आणि हा निर्णय घेण्याचा अधिकार कोणाकडे असावा? आरोग्य किंवा क्रीडाक्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांची मते वाचायला आवडतील.

अनवट

मी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करतो. आमच्याकडे अशा प्रश्नाचा विचार करताना पहिली गोष्ट केली जाते ती म्हणजे ‘स्पर्धा’ या एका शब्दात दडलेल्या तीन गोष्टी वेगळ्या काढणे: मैदानावरचा खेळ, प्रेक्षकांची गर्दी, आणि त्या गर्दीचा घरापासून मैदानापर्यंतचा व परतीचा प्रवास. यांपैकी पहिल्या गोष्टीचा धोका बराचसा आटोक्यात ठेवता येतो, दुसरीचा काही प्रमाणात. तिसरीवर मात्र आयोजकांचे जवळजवळ काहीच नियंत्रण नसते.

१९ फेब्रुवारी २०२० रोजी मिलानच्या सान सिरो स्टेडियमवर अटलांटा आणि व्हॅलेन्सिया यांच्यात चॅम्पियन्स लीग या फुटबॉल स्पर्धेचा सामना झाला. अटलांटा हा बेर्गामोचा संघ असल्यामुळे त्या एका शहरातून आणि परिसरातून सुमारे चाळीस हजार लोक मिलानला गेले, आणि जे गेले नाहीत त्यांनी घरोघरी आणि बारमध्ये एकत्र बसून सामना पाहिला. दोनच दिवसांत लोम्बार्डीतील, म्हणजे मिलान आणि बेर्गामो ज्या प्रांतात आहेत तेथील, स्थानिक संसर्गाचा पहिला रुग्ण उघडकीस आला, आणि महिनाभरात बेर्गामोतील मृतदेह लष्करी वाहनांतून बाहेर नेण्याची वेळ आली. विषाणू त्याआधीच त्या भागात पसरत होता, त्यामुळे सगळा दोष त्या सामन्यावर टाकणे चुकीचे ठरेल. परंतु शहराचे महापौर जोर्जो गोरी यांनीही त्या रात्री संसर्ग वाढल्याचे मानले. त्या वेळी कोणालाही धोक्याची कल्पना नव्हती, हे तरी म्हणता येते. ११ मार्च २०२० रोजी लिव्हरपूलमध्ये झालेल्या सामन्याबाबत तेही म्हणता येत नाही. ज्या दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटले, त्याच दिवशी सुमारे तीन हजार पाठीराखे माद्रिदहून तेथे आले होते, आणि माद्रिदमधील शाळा तोवर बंद झाल्या होत्या.

माझ्या दृष्टीने सर्वांत बोलकी आकडेवारी मात्र २०२१ च्या युरो फुटबॉल स्पर्धेतील आहे. स्कॉटलंडच्या आरोग्ययंत्रणेने जूनमध्ये त्या स्पर्धेशी संबंध असलेले १,९९१ रुग्ण नोंदवले. त्यांतील १,२९४ जण इंग्लंडविरुद्धच्या सामन्यासाठी लंडनला गेले होते, पण तेथील वेम्बली स्टेडियमच्या आत गेलेले केवळ ३९७ होते. म्हणजे प्रवास केलेल्यांपैकी बहुतेकांकडे बहुधा तिकीटही नसावे. ते केवळ त्या वातावरणाचा भाग होण्यासाठी गेले होते. स्टेडियमच्या दारावर कितीही काटेकोर तपासणी ठेवली, तरी रेल्वेच्या डब्यात आणि पबमध्ये जे घडते ते त्या दारापर्यंत पोचतच नाही.

याउलट टोकियोत खेळाडू, प्रशिक्षक आणि अधिकारी यांच्या सहा लाखांहून अधिक चाचण्या झाल्या आणि बाधितांचे प्रमाण ०.०२ टक्क्यांच्या आसपास राहिले. खेळाडूंचे रोज लाळेचे नमुने घेतले जात होते आणि सामना संपल्यावर त्यांना ४८ तासांत परतावे लागत होते. म्हणून माझे उत्तर असे की खेळ होऊ शकतो, परंतु प्रेक्षकांसह नाही, आणि प्रेक्षक नसतानाही लोक चौकाचौकांत जमणार नाहीत याची तजवीज करणे शक्य असेल तरच.

पहाटवारा

मी वीस वर्षे ॲथलेटिक्सचा प्रशिक्षक आहे, त्यामुळे खेळाडूंची बाजू मांडतो. सर्वप्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. ‘खेळाडूंना कोणत्याही परिस्थितीत स्पर्धा हवीच असते’ असे सर्रास म्हटले जाते, पण मार्च २०२० मध्ये पुढे ढकलण्याची मागणी खेळाडूंकडूनच आली होती. ऑलिंपिकच्या तोवर फक्त ५७ टक्के जागा निश्चित झाल्या होत्या. उरलेल्या जागांसाठी झगडणाऱ्यांचे तरणतलाव आणि मैदाने बंद होती आणि पात्रता स्पर्धा एकामागून एक रद्द होत होत्या. २०२० मध्ये स्पर्धा झाली तर आपण संघ पाठवणार नाही, असे कॅनडाने २२ मार्चला जाहीर केले आणि त्यानंतर दोनच दिवसांत निर्णय झाला.

अनवट यांनी रिकाम्या स्टेडियमची बाजू चांगली मांडली आहे, परंतु बाहेरच्यांशी संपर्क तोडून आखलेल्या सुरक्षित वर्तुळाच्या आत सर्वांना समान संधी मिळते असे त्यांच्या लिखाणातून वाटू शकते, आणि ते खरे नाही. २०२१ च्या ऑस्ट्रेलियन ओपनसाठी आलेल्या विशेष विमानांपैकी काहींत बाधित प्रवासी सापडले. त्या विमानांतील ७२ टेनिसपटूंना चौदा दिवस हॉटेलच्या खोलीबाहेर पाऊल टाकता आले नाही, तर बाकीच्यांना रोज काही तास सरावाची मुभा होती. चौदा दिवस खोलीत काढलेला खेळाडू आणि त्या काळात रोज कोर्टवर सराव केलेला खेळाडू पहिल्या फेरीत समोरासमोर आले, तर तो सामना बरोबरीचा आहे असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगू शकणार नाही. टोकियोत बांबूउडीचा दोन वेळचा जगज्जेता सॅम केन्ड्रिक्स एका चाचणीमुळे स्पर्धेबाहेर गेला. पाच वर्षांची तयारी अशी एका सकाळी संपते आणि त्यावर अपीलही करता येत नाही.

तरीही माझे मत स्पर्धा भरवण्याच्या बाजूचे आहे. धावपटूच्या आयुष्यात पूर्ण ताकदीची वर्षे फार थोडी असतात. २०२० मध्ये एकतीस वर्षांची असलेली आणि एकाच शेवटच्या ऑलिंपिकसाठी दुखापती सोसत राहिलेली खेळाडू २०२४ पर्यंत थांबू शकत नाही. ज्या खेळांना ऑलिंपिकखेरीज कोणी विचारत नाही, त्या खेळांतील मुलामुलींची शिष्यवृत्ती आणि नोकरी त्या पंधरवड्यावर अवलंबून असते.

सांजवेळ

मी परिचारिका आहे आणि २०२० व २०२१ ही दोन्ही वर्षे मी कोविड कक्षात काम केले आहे. वरील दोन्ही प्रतिसाद विचारपूर्वक लिहिलेले आहेत, पण दोघांच्याही विचारात यजमान शहरातील रुग्णालय कुठेच आलेले नाही, याचे मला वाईट वाटले.

२०२१ च्या एप्रिलमध्ये टोकियोच्या आयोजकांनी स्पर्धेसाठी ५०० परिचारिका पुरवण्याची विनंती तेथील परिचारिकांच्या संघटनेकडे केली होती. ती बातमी वाचली तेव्हा माझी सलग सहावी रात्रपाळी होती. पीपीई किट अंगावर असताना पाणी पिता येत नाही, कपाळावर चष्म्याचे वळ उठतात आणि खाटेजवळ उभे राहूनही माणसाला धीर द्यायला आपला चेहरा दाखवता येत नाही. अशा अवस्थेतल्या माणसांमधून ५०० जणी क्रीडास्पर्धेसाठी मागितल्या जातात, तेव्हा प्रश्न खेळाडू सुरक्षित आहेत की नाहीत एवढाच राहत नाही. जपानमधील परिचारिकांनी समाजमाध्यमांवर त्याचा तीव्र निषेध केला आणि तो मला माझा स्वतःचाच वाटला.

ऑगस्टच्या आरंभी, म्हणजे स्पर्धा चालू असतानाच, केवळ गंभीर रुग्णांना किंवा गंभीर होण्याचा धोका असलेल्यांनाच रुग्णालयात घ्यावे आणि इतरांनी घरीच राहावे, असे धोरण तेथील सरकारने जाहीर केले. ही लाट खेळाडूंमुळे आली असे मी म्हणत नाही; ती डेल्टा प्रकाराची लाट होती आणि आकडे स्पर्धेच्या आधीपासून वाढत होते. पण सरकार एकीकडे लोकांना घराबाहेर पडू नका असे सांगत होते आणि दुसरीकडे जगभरातून हजारो पाहुणे बोलावत होते. अशा सरकारचे लोक किती ऐकतील? जपान सरकारचेच साथरोग सल्लागार शिगेरू ओमी यांनी, अशा परिस्थितीत ऑलिंपिक भरवणे सर्वसामान्य गोष्ट नव्हे, असे जूनमध्ये उघडपणे म्हटले होते. ऑलिंपिकचे प्रायोजक असलेल्या असाही शिंबुन या वृत्तपत्राने तर २६ मे २०२१ च्या अग्रलेखात स्पर्धा रद्द करण्याची मागणी केली होती. तरीही ती रद्द झाली नाही, कारण यजमान शहराशी झालेल्या करारानुसार स्पर्धा रद्द करण्याचा अधिकार केवळ आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीला होता. ज्या शहराच्या खाटा भरणार, त्या शहरालाच नाही म्हणता येत नव्हते.

पहाटवारा, तुमच्या एकतीस वर्षांच्या खेळाडूबद्दल मला मनापासून वाटते. पण तिच्या चार वर्षांची तुलना मी ज्यांच्या खाटेशेजारी उभी होते त्यांच्या आयुष्याशी करावी लागली, तर माझे उत्तर ठरलेले आहे.

धावरेषा

सांजवेळ, आपण लिहिलेला कराराचा मुद्दा मला माहीत नव्हता. अशा स्पर्धा दुसऱ्या देशात हलवण्याचा पर्याय कितपत व्यवहार्य असतो, हेही कोणी सांगू शकेल का?

जुनीपाने

त्याची उदाहरणे आहेत, आणि ती एकमेकांपासून फार वेगळी आहेत. २००३ मध्ये सार्सच्या साथीमुळे महिला फुटबॉल विश्वचषक चीनमधून अमेरिकेत हलवण्यात आला. काही महिन्यांत सर्व व्यवस्था उभी राहिली, कारण अमेरिकेने आदल्याच वेळचा, १९९९ चा विश्वचषक भरवला होता आणि मैदाने तयार होती. चीनवर अन्याय होऊ नये म्हणून २००७ चे यजमानपद त्याला देण्यात आले. हा समंजसपणे सोडवलेला प्रश्न होता.

२०१५ च्या आफ्रिकी राष्ट्रचषकाचे तसे झाले नाही. इबोलाच्या भीतीने यजमान मोरोक्कोने स्पर्धा पुढे ढकलण्याची विनंती केली. आफ्रिकी फुटबॉल महासंघाने ती फेटाळली, मोरोक्कोला स्पर्धेतून वगळले आणि यजमानपद इक्वेटोरियल गिनीला दिले. स्पर्धा तेथे पार पडली. साथीने ग्रासलेल्या गिनीचा संघ त्याआधीचे आपले ‘घरचे’ पात्रता सामने मोरोक्कोतच खेळला होता, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

तिसरे उदाहरण २०२१ च्या कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकी फुटबॉल स्पर्धेचे. कोलंबियातील आंदोलनांमुळे आणि मग अर्जेंटिनातील वाढत्या रुग्णसंख्येमुळे दोन्ही यजमान बाद झाले, आणि स्पर्धेला दोन आठवडे उरले असताना ती ब्राझीलला देण्यात आली. ब्राझीलमध्ये तोवर साडेचार लाखांहून अधिक माणसे कोविडने दगावली होती. सलामीच्या सामन्याच्या तोंडावर व्हेनेझुएलाचे अनेक खेळाडू बाधित निघाले आणि त्यांना पंधरा नवे खेळाडू बोलवावे लागले. आयोजनावर टीका करणारे निवेदन खुद्द ब्राझीलच्या खेळाडूंनी काढले, पण ते खेळले.

यावरून मला एवढे दिसते की ‘महासाथ’ या एका शब्दावर निर्णय घेता येत नाही. रोग पसरतो कसा, हे आधी पाहावे लागते. २०१६ मध्ये झिकामुळे रिओ ऑलिंपिक पुढे ढकलावे किंवा हलवावे, असे पत्र दीडशेच्या आसपास तज्ज्ञांनी लिहिले होते. झिका मुख्यतः डासांमुळे पसरतो आणि ऑगस्ट हा रिओत हिवाळ्याचा, डास कमी असण्याचा महिना असतो. स्पर्धा झाली आणि तेथे गेलेल्यांत झिकाची खात्रीलायक नोंद झाली नाही. हवेतून पसरणाऱ्या रोगाला हा न्याय लावता येणार नाही.

अनवट

सांजवेळ यांचा आक्षेप मला मान्य आहे. मी मैदान आणि प्रेक्षक यांचा हिशेब मांडला आणि मनुष्यबळाचा सोडून दिला. आरोग्यक्षेत्रातल्या माणसाने ते करायला नको होते. त्यांच्या प्रतिसादानंतर माझे मत असे झाले आहे की यजमान शहराच्या आरोग्ययंत्रणेला नकाराधिकार असल्याशिवाय असा करारच होऊ नये. किती टक्के खाटा भरल्या, अतिदक्षता विभागात किती जागा उरल्या आणि किती कर्मचारी सुट्टीविना काम करत आहेत, यांच्या मर्यादा आधीच ठरवून जाहीर कराव्यात. ती मर्यादा ओलांडली गेली, तर दूरचित्रवाणीच्या हक्कांचे काय होईल ही चर्चा नंतर व्हावी.

पैशाची अडचण खरी आहे, पण तिच्यावर उपाय नाही असे नाही. विम्बल्डनने १ एप्रिल २०२० रोजी त्या वर्षीची स्पर्धा सरळ रद्द केली, आणि ते त्यांना परवडले याचे एक मोठे कारण म्हणजे त्यांनी संसर्गजन्य रोगाचा विमा उतरवलेला होता. जी संस्था वर्षानुवर्षे विम्याचा हप्ता भरते, तिला कठीण प्रसंगी नाही म्हणता येते.

पहाटवारा

नकाराधिकाराला माझा विरोध नाही. सांजवेळ यांनी लिहिलेले वाचल्यावर तो करता येणार नाही. मात्र त्या कलमात एक दुरुस्ती हवी. निर्णयाची अंतिम तारीखही करारातच लिहिलेली असावी, आणि ती निदान तीन महिने आधीची असावी. धावपटूचे शरीर एका ठराविक आठवड्यात पूर्ण ताकदीला यावे म्हणून सरावाचा भार महिनोन्‌महिने आधीपासून वाढवत आणि मग उतरवत न्यावा लागतो. २०२१ च्या पहिल्या सहामाहीत माझ्या विद्यार्थ्यांना स्पर्धा होणार की नाही हे दर आठवड्याला बातम्यांतून कळत होते, आणि त्या अनिश्चिततेत दोघींनी अतिसरावाने दुखापत ओढवून घेतली. स्पर्धा रद्द झाल्याचे दुःख त्यांनी पचवले असते. ती तारीख उलटल्यानंतर साथ बळावली, तर नकाराधिकार अर्थातच शिल्लक राहावा, पण मग त्या वर्षी पात्र ठरलेल्या खेळाडूंच्या जागा पुढच्या स्पर्धेसाठी राखून ठेवाव्यात. टोकियोच्या वेळी ५७ टक्के खेळाडूंच्या जागा वर्षभर तशा राखल्या गेल्या होत्या, त्यामुळे ते करता येते हे आपण पाहिलेले आहे.