डग्गा नीट ऐकू येईल असा २.१ स्पीकर संच कोणता?

डेक्कनकर:
नमस्कार मंडळी. संगणकाला जोडायला २.१ संच घ्यायचाय, म्हणजे दोन छोटे स्पीकर आणि खालच्या सुरांसाठी वेगळा सबवूफर. खोली १० बाय ११ फूट, बजेट आठ हजारांपर्यंत. ऐकणं म्हणजे ख्याल आणि तबला सोलो. दुकानात पार्टीची गाणी लावून नुसती धडधड ऐकवतात. एका खोक्यावर ५००० वॅट पीएमपीओ लिहिलंय! काय बघून घ्यावं?

सातारी_बाणा:
पीएमपीओ म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा, तो सोडून द्या. आरएमएस बघा, म्हणजे सलग मिळणारी ताकद. तेवढ्या खोलीला ३०-४० वॅट रग्गड झाले. लॉजिटेकचा झेड ६२३ दणकट आहे, पण २०० वॅट तुम्हाला कशाला?

खर्ज:
दादा, सबवूफरच्या आधी बाजूचे छोटे स्पीकर बघा. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) गाणाऱ्याचा षड्ज, म्हणजे सा, साधारण १३९ हर्ट्झला असतो, तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ला. दोन इंची स्पीकरला १३९ धड पेलत नाही. मग तो भाग सबवूफरकडे ढकलला जातो आणि गवयाचा आवाज टेबलाखालून यायला लागतो. फार जिवाला लागतं ते. तीन इंची किंवा त्याहून मोठे घ्या, सबवूफर लहान असला तरी चालेल. त्याच्या आवाजाचं बटण मात्र वेगळं हवंच.

दुकानात आपलं ध्वनिमुद्रण घेऊन जा, डग्ग्यावर मनगट घासून काढलेली मींड असलेलं. सूर चढताना ऐकू आला पाहिजे. सगळं एकाच सुरात 'घूंऽऽ' घुमलं तर तो संच नको, वॅट कितीही असोत.

घरी आणल्यावर लगेच कोपऱ्यात सरकवू नका, तिथे खर्ज फुगतो. ६९ हर्ट्झची लहर जवळपास पाच मीटर, तुमच्या खोलीपेक्षा लांब. त्यामुळे एका जागी ती गडगडते, दोन पावलांवर गायब होते. सबवूफर स्वतःच्या खुर्चीवर ठेवा, तानपुरा लावा आणि भिंतीच्या कडेने, कान जमिनीलगत नेऊन फिरा. खर्ज सगळ्यात स्वच्छ लागेल तिथे सबवूफर ठेवायचा.

डेक्कनकर:
हे कुणीच सांगितलं नव्हतं, मनापासून आभार! खालच्या मजल्यावर वयस्कर आजी-आजोबा आहेत. खाली फोम घातला तर भागेल?

खर्ज:
फरशीतून जाणारी थरथर कमी होईल, हवेतून जाणारा आवाज नाही. रात्री सबवूफरचं बटण शून्यावर आणा आणि हेडफोन लावा.