मदत हवी आहे: फॅलेनॉप्सिसची मुळं कुजली, आता पुढे काय?

मंडळी, मी ठाण्यात राहते. भेट म्हणून आलेलं फॅलेनॉप्सिस ऑर्किड पाऊस लागल्यापासून रुसलंय. पानं लुळी, सुरकुतलेली. पाणी घातलं तरी ताठ होत नाहीत. शेवटी कुंडीतून उपसून पाहिलं, तर मुळांच्या मधोमध ओल्या मॉसचा (शेवाळाचा) घट्ट बोळा! नर्सरीतून येतानाच तो आत असतो म्हणे. त्याच्याभोवतीची मुळं तपकिरी, दाबलं की साल हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. ती सगळी कात्री स्पिरिटने पुसून कापली, कापावर दालचिनीची पूड लावली. धड मुळं तीन-चारच उरलीत, कोरडी असली की रुपेरी, भिजली की हिरवी होणारी. शेंडा मात्र टणक आहे, तेवढीच आशा.

आता नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि लोणारी कोळसा यात लावू, की इथल्या दमट हवेत विटांचे तुकडे बरे? फुलांचा दांडा अजून हिरवा आहे. जीव तोळामासा असताना तो कापावा का? खत इतक्यात नकोच ना? खिडकी पूर्वेची आहे. आणि कृपा करून पाण्याऐवजी कुंडीत बर्फाचे खडे ठेवायला सुचवू नका, हे झाड मुळात उष्ण, दमट जंगलात फांद्यांवर वाढणारं!