व्हिनेगरने सगळाच धुरकटपणा जात नाही

वर दोघांनी लिहिलंय की जुन्या क्रिस्टल ग्लासवरचा धुरकटपणा व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला की जातो. जातो, पण तो पाण्यातल्या क्षारांचा असेल तरच. आपल्या कोकणात बहुतेक वेळा भानगड वेगळीच असते. काचेतले सोडियम-पोटॅशियमसारखे घटक दमट हवेतली ओल हळूहळू बाहेर ओढते आणि काचेचा पृष्ठभागच खराब होतो. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून फरक पडला नाही तर घासत बसू नका. क्रिस्टल म्हणजे शिसं घातलेली काच, ती मऊ, चरे तेवढे पडतील. मामा बोटीवर होते, त्यांनी साठच्या दशकात आणलेला वाइन ग्लासचा सेट आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी आहे. शोकेसमधले ग्लास अजून लखलखीत, पण माळ्यावरच्या ट्रंकेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले कायमचे दुधाळ झाले. ग्लास उलटेही ठेवू नयेत, आत ओल कोंडते आणि सगळा भार नाजूक कडेवर येतो.

‘मेड इन चेकोस्लोवाकिया’ स्टिकर असला म्हणजे ग्लास पन्नासच्या दशकातला, असंही वर म्हटलंय, तेही घाईचं झालं. तो देश 1992 अखेरपर्यंत होता, त्यामुळे ग्लास 1980 चाही असू शकतो. आणि हो, पाहुण्यांना त्यात कोकम सरबत खुशाल द्या, पण क्रिस्टलच्या जगमध्ये भरून फ्रीजमध्ये ठेवू नका. आंबट पेयात शिसं जास्त उतरतं.