कमांडोजचे हक्क घेतले, पण पहिला गेम कुणी सांभाळायचा?

संध्यामठ (धागाकर्ता)

जुन्या स्ट्रॅटेजी गेमची मालिका एखाद्या प्रकाशकानं विकत घेतली की आपल्याकडं दोनच सूर निघतात. एक, "आता नवीन भाग येणार, जगात भारी!" दुसरा, "आता वाट लावणार." मला दोन्ही पुरेसे वाटत नाहीत, म्हणून हा धागा काढतोय.

कमांडोजचंच घ्या, दुसऱ्या महायुद्धात मोजके कमांडो शत्रूच्या नजरेआडून हलवायचा गेम. राजारामपुरीपासून शिवाजी पेठेपर्यंतच्या नेट कॅफेंत पोरं ज्या गेमसमोर डोकं धरून बसायची, त्यात हा वरच्या रांगेत होता. माद्रिदच्या पायरो स्टुडिओजनं 1998 मध्ये पहिला भाग काढला, 2001 मध्ये दुसरा, 2003 मध्ये तिसरा. 2006 मध्ये त्यांनी स्ट्राइक फोर्स नावाचा नुसता गोळीबाराचा गेम काढला आणि मालिका तिथंच बसली. मग जुलै 2018 मध्ये जर्मनीच्या कॅलिप्सो मीडियानं पायरोकडून कमांडोज, प्रेटोरियन्स आणि इम्पीरियल ग्लोरीचे हक्क घेतले. जानेवारी 2020 मध्ये दुसऱ्या भागाची एचडी (चित्रं सुधारलेली) आवृत्ती आली, 2022 मध्ये तिसऱ्याची, आणि एप्रिल 2025 मध्ये ओरिजिन्स हा सबंध नवा गेम.

यात पहिला भाग कुठं आहे? स्टीमवर मिळतो, जीओजीवर मिळतो, दोन्ही ऑनलाइन गेमची दुकानं. पण तो विंडोज 98 च्या काळात बनलेला. नव्या मशीनवर त्याचा वेग हाताबाहेर जातो, ही फार जुनी आणि सगळ्यांना माहीत असलेली अडचण आहे. ज्यानं हा गेम मन लावून खेळलाय त्याला यानं काय बिघडतं ते लगेच कळेल. सगळा जीव पहारेकऱ्याच्या नजरेत आहे. त्याच्या डोळ्यांतून निघालेला तो हिरवा पट्टा, जवळ फिका, लांब गडद. फिक्या भागात सरपटत गेलं तरी सापडतो, गडद भागात सरपटलं तर सुटतो. ग्रीन बेरे, म्हणजे आपला सुरीवाला कमांडो, पोटावर पडून असतो, पट्टा पलीकडं वळतो, तो परत यायला किती वेळ लागणार हे आपण मनात धरतो आणि तेवढ्यात सुरी घेऊन उठतो. तो वेळच मशीनप्रमाणं बदलत असेल, तर खेळायचं काय?

माझी मागणी सरळ आहे. हक्क घेणाऱ्यानं आधी मूळ गेम आजच्या मशीनवर नीट चालता करावा. मग एचडी, मग नवीन. कारण कायद्यानं ते दुसऱ्या कुणाला करता येत नाही. युरोपात हे हक्क निदान 70 वर्षं टिकतात, म्हणजे 1998 चा गेम 2068 पर्यंत तरी ज्याच्या हातात असेल त्याच्याच हातात. चाहत्यांनी आपापले पॅच (दुरुस्तीचे छोटे प्रोग्राम) करून गाडी ढकललीय, पण पैसे घेणाऱ्याचं काम चाहत्यांनी का करावं?

उद्यमनगर

भावा, मुद्दा पोचला, पण क्रम ठरवायच्या आधी हे बघ की विकत घेणाऱ्याच्या हातात नक्की येतं काय.

आमच्या धंद्यात फौंड्री विकली जाते तेव्हा नाव, शेड, भट्टी, गिऱ्हाईक सगळं मिळतं. जुने पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घेतात ते नमुने, मिळतीलच असं नाही. आणि पॅटर्न नसला तर तयार पार्ट हातात असून भागत नाही. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, त्यामुळं पार्टवरून पॅटर्न काढायचा तर ते आकसणं धरून सगळी मापं नव्यानं काढावी लागतात. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरनं लिहिलेला मूळ मजकूर, तो पॅटर्न. दुकानात विकला जाणारा गेम म्हणजे पार्ट.

हे मी हवेत बोलत नाही. टीएचक्यू हा प्रकाशक बुडाल्यावर 2013 च्या लिलावात गिअरबॉक्स कंपनीनं होमवर्ल्ड या गेममालिकेचे हक्क साडेतेरा लाख डॉलरला घेतले. 2015 मध्ये दोन्ही मुख्य भाग नवे करून दिले, आणि चांगले दिले. पण मधला कॅटॅक्लिझम त्यात नाही, कारण त्याचा कोडच सापडला नाही. हिरोज ऑफ माइट अँड मॅजिकचंही तेच. थ्रीडीओ कंपनी बुडाल्यावर 2003 मध्ये प्रकाशक युबीसॉफ्टनं तेरा लाख डॉलरला सगळी मालिका घेतली. 2015 मध्ये तिसऱ्या भागाची एचडी आवृत्ती काढली तर तिच्यात दोन्ही एक्स्पान्शन (नंतर काढलेल्या जोडण्या) नाहीत. तिथंही जोडण्यांचा कोड हरवलेला. कंपन्या बुडाल्यात, ऑफिसं बदललीत, माणसं पांगलीत. सौद्याच्या बातमीत नावांची यादी असते, कोडच्या डिस्का कुठं आहेत ते कुणी लिहीत नाही.

म्हणून "पहिल्यांदा मूळ गेम" हा हट्ट मला कागदावरचा वाटतो. नाव विकत घेतलेल्या माणसानं नवीन माल काढावा. तेवढं त्याला खात्रीनं जमतं.

फुलेवाडी नाका

नवीन माल काढावा म्हणं! काढला की दुसऱ्या भागाचा एचडी. कसा निघाला ते बघितलंसा का? 2020 ला आला तवा बगांची तक्रार जगभरातनं झाली. चित्रं धुवून पुसून दिली, पण कंट्रोल बिघडवले.

आणि झेंडे. दुसऱ्या महायुद्धावरचा गेम, आणि त्यातली नाझी चिन्हं काढून टाकली, जपानचा किरणांचा लष्करी झेंडा बदलला. जर्मनीत कायदा कडक आहे हे मान्य. पण गेमांना वयाचा दाखला देणाऱ्या तिथल्या यूएसकेनंच ऑगस्ट 2018 पासनं प्रत्येक गेम तपासून अशी चिन्हं चालू द्यायला सुरुवात केली होती. मग 2020 मध्ये सगळ्या जगासाठी पुसायची काय गरज होती? शत्रू कोण होता तेच पुसलं तर त्या मोहिमांना अर्थ काय राहिला?

दुसऱ्या भागात पहारेकऱ्यासमोर सिगारेटचं पाकीट टाकायचं, तो उचलायला वाकला की मागनं जायचं. असल्या बारीक गोष्टींत पायरोच्या पोरांनी जीव ओतला होता. मूळ डिझायनर गोन्झो सुआरेझ. पहिल्या भागात आपण चीट (खेळ सोपा करणारा गुप्त शब्द) टाइप करायचो त्यातला "गोन्झो" तो हाच माणूस, किती जणांना ठाऊक हाय? हक्क कंपनीकडनं कंपनीकडं जातात, पण असली डोकी सौद्यात येत नाहीत.

माझं स्पष्ट मत: मालिका संपली तर संपू द्यावी. हा प्रकार पुढं न्यायला नावाची गरज नाही. म्युनिकच्या मिमिमीनं 2016 मध्ये शॅडो टॅक्टिक्स काढला, जपानातल्या निंजांवर. कमांडोजचा एक शब्दही वापरला नाही आणि कमांडोजच्या वारसांमध्ये त्याच्या तोडीचा दुसरा नाही.

गंगावेस

फुलेवाडीदादा, मिमिमीचं नाव काढलंत तर पुढचंही सांगा. शॅडो टॅक्टिक्सनंतर त्यांनी 2020 मध्ये डेस्पराडोज 3 केला. डेस्पराडोज ही त्यांची मालिका नव्हती. 2001 मधल्या दुसऱ्याच स्टुडिओच्या गेमचे हक्क टीएचक्यू नॉर्डिककडं होते, त्यांनी मिमिमीला काम दिलं. म्हणजे तुमच्या आवडत्या स्टुडिओचा एक उत्तम गेम जन्माला आला तो प्रकाशकानं जुने हक्क घेऊन ठेवले होते म्हणूनच. मी या प्रकारात आले ती त्या गेममुळं. नेट कॅफेचा काळ मला माहीत नाही, तेव्हा मी शाळेतही जात नव्हते.

आणि मूळ पहिला भाग मी खेळून बघितलाय. वेग सोडा, तो अडथळा पॅचनं जातो. चुकलो कुठं हेच गेम सांगत नाही. आजच्या गेममध्ये कुठलाही पहारेकरी निवडला की त्याची नजर कुठवर पोचते ते स्वच्छ दिसतं, आणि गेम थांबवून तीन जणांच्या हालचाली आधी ठरवून एकदम सोडता येतात. तुम्हाला जुन्या कष्टांचा अभिमान आहे, तो असू द्या. पण माझ्या वयाच्या मुलांसाठी "आधी मूळ, मग नवीन" असा क्रम लावला असता तर आम्ही या प्रकाराकडं फिरकलोच नसतो. ओरिजिन्समध्ये दोघांना मिळून खेळता येतं, एकाच टीव्हीवर पडदा वाटून सुद्धा. माझ्या धाकट्या भावाला मी तसाच बसवला आणि आता तोच मला जुन्या भागांबद्दल विचारतो. नवीन गेमनं जुन्याकडं माणसं नेली, उलटं झालं नाही.

कळंबा रोड

मी हिशेबाच्या बाजूनं बोलतो, कारण वर सगळे प्रेमावर बोलताहेत.

नाव विकत घेणं तुलनेनं स्वस्त पडतं. होमवर्ल्ड साडेतेरा लाख डॉलर, हिरोज तेरा लाख. सिव्हिलायझेशनसारखं चालतं दुकान टेक-टू या प्रकाशकानं घेतलं तेव्हाही ते सव्वादोन कोटी डॉलरच्या आसपास होतं. खरा पैसा गेम बनवायला लागतो, वर्षानुवर्षं स्टुडिओचे पगार. कॅलिप्सोनं कमांडोजसाठी डार्मस्टाटमध्ये क्लेमोर नावाचा वेगळा स्टुडिओ उभा केला. तो पैसा कुठून येणार? नावातूनच. ओरिजिन्स पहिल्याच दिवशी गेम पासवर (मायक्रोसॉफ्टच्या वर्गणीच्या सेवेवर) गेला, त्यात नावाचा वाटा नसेल असं मला वाटत नाही.

आणि नावाशिवाय काय होतं? मिमिमीनं 2023 च्या ऑगस्टमध्ये स्वतःचं, नवीन नावाचं शॅडो गॅम्बिट काढलं. समीक्षकांनी वाखाणलं. त्याच महिन्यात त्यांनी स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर केलं. एवढ्या मोठ्या गेमांसाठी पैसा उभा करणं आणि त्याची जोखीम झेपत नाही, हे त्यांनी स्वतः सांगितलं. "मालिका संपू द्या, नवीन नावानं करा" हे बोलायला ठीक आहे, त्याची किंमत त्या माणसांनी मोजली.

आणखी एक, मनापासून. आपल्यातल्या बहुतेकांनी पहिला भाग कॉपी मारलेल्या सीडीवर खेळला. पायरोला कोल्हापुरातून किती पैसे गेले असतील? ज्यांनी तेव्हा विकत घेतला नाही त्यांनी आज हक्क विकत घेणाऱ्याला क्रम सांगावा, हे मला खटकतं.

संध्यामठ

कळंबादादा, सीडीचं म्हणणं मी टाळणार नाही. त्या वेळी कोल्हापुरात मूळ सीडी शोधायची म्हटली तरी मिळणं अवघड, आणि मिळाली तरी शाळकरी पोराच्या आवाक्यात नव्हती. पण आज तोच माणूस स्टीमवर रुपयांत पैसे भरून घेतोय. गिऱ्हाईक म्हणून त्याला बोलायचा हक्क पोचतो.

उद्यमनगरच्या पॅटर्नच्या मुद्द्यावर मात्र मला जास्त बोलायचंय, कारण माझ्या मते तो माझ्याच बाजूचा आहे. कोड हरवतो, कारण तो सांभाळायची जबाबदारी कुणावरच नसते. अमेरिकेत 2023 मध्ये व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननं अभ्यास केला. 2010 च्या आधी तिथं निघालेल्या गेमांपैकी 87 टक्के तेव्हा विकतच मिळत नव्हते. हे सगळे गेम वाईट होते म्हणून गेले नाहीत. हक्क कुणाच्या तरी कपाटात पडून राहिले.

आणि हे होऊच शकत नाही असं नाही. कमांड अँड कॉन्कर बघा. ईए या बड्या प्रकाशकानं 1998 मध्ये ती मालिका काढणारी वेस्टवूड 12 कोटी 25 लाख डॉलरला घेतली आणि 2003 मध्ये बंद केली. त्यावर लोकांचा राग अजून गेलेला नाही. पण त्याच ईएनं 2020 मध्ये पहिल्या दोन गेमांची नवी आवृत्ती काढताना जुन्या वेस्टवूडच्या माणसांनी काढलेल्या पेट्रोग्लिफला काम दिलं, चाहत्यांना आधीपासून सल्ल्याला घेतलं, आणि मूळ लॉजिकचा कोड जीपीएल परवान्यात (कुणीही वापरावा, बदलावा असा) खुला केला. फेब्रुवारी 2025 मध्ये त्याच मालिकेतल्या जनरल्स आणि झिरो अवरसकट आणखी कोड दिला. एवढी मोठी कंपनी हे करते, तर नाव घेऊन बसलेल्या बाकीच्यांना काय अडचण आहे? फुकट द्या असं मी म्हणतच नाही. चित्रं, आवाज, मोहिमा विकत घ्यायला लावा. कोड तेवढा खुला करा, सांभाळायला माणसं तयार आहेत. एज ऑफ एम्पायर्स 2 आज जिवंत आहे तो कुणामुळं? फॉरगॉटन एम्पायर्स ही मंडळी आधी फुकट मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेले फेरबदल) करत होती. 2013 मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्यांचंच काम अधिकृत केलं, आणि 2019 च्या डेफिनिटिव्ह एडिशनमागंही तीच आहेत.

उद्यमनगर

जनरल्सचा कोड खुला झाला तेव्हा त्यातली दुसऱ्यांची लायब्ररी (तयार कोड) काढून टाकलेली होती, व्हिडिओ चालवणारी, आवाजाची. ईएला ती वाटायचा हक्कच नव्हता. म्हणजे कोड मिळाला पण जसाच्या तसा बिल्ड होत नव्हता, त्यातून चालता गेम बनत नव्हता. 1998 च्या गेमांत असल्या भाड्याच्या वस्तू ठिकठिकाणी असतात. प्रत्येक ठिकाणी वकील बसवून तपासायचं म्हटलं तर छोट्या प्रकाशकाला परवडत नाही. ईएला परवडलं, कॅलिप्सो ईए नाही.

फुलेवाडी नाका

पण चाहत्यांनी त्या लायब्ररींच्या जागी दुसऱ्या बसवून गेम चालू केलाच की. काम जमतंय, इच्छा पायजे.

गंगावेस

संध्यामठदादा, कोड खुला करायला माझा विरोध नाही. पण वेळ आणि माणसं मोजकी असतील, आणि क्लेमोरला पुढच्या वर्षात एकच काम करायचं असेल, तर 1998 चा गेम दुरुस्त करण्यापेक्षा त्यांनी ओरिजिन्ससाठी मिशन एडिटर (स्वतःच्या मोहिमा बनवायचं साधन) द्यावा असं मला वाटतं. तुमच्या आवडत्या नॉर्वेच्या पहिल्या मोहिमेपासून सगळा जुना नकाशा चाहतेच त्यात पुन्हा उभा करतील, आणि माझ्या पिढीला तो खेळताही येईल.

संध्यामठ

एडिटर मलाही हवाय. पण त्यात उभी केलेली मोहीम ओरिजिन्सच्या नियमांवर चालेल, 1998 च्या नाही. तो फिका-गडद पट्टा, तो सरपटायचा वेग, डिकॉय (आवाज करून चकवणारं यंत्र) वाजला की कुठला पहारेकरी किती लांबून येणार हे सगळं बदललेलं असेल. मला ते मूळचं हवंय, विकत घेऊन हवंय, आणि ते देऊ शकणारा जगात एकच आहे. म्हणून मी क्रम बदलणार नाही.