मदत हवी आहे: जॉन फोल्ड्झ यांचे दिल्ली रेडिओवरचे कार्यक्रम

नमस्कार मंडळी. ऑनलाइन ज्ञानकोशासाठी विस्मृतीत गेलेल्या ब्रिटिश संगीतकारांवर मराठीत नोंदी लिहितेय. सध्या जॉन फोल्ड्झ (१८८०–१९३९) यांच्यापाशी अडकलेय. मूळचे मँचेस्टरचे. पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी रचलेलं त्यांचं 'वर्ल्ड रिक्विएम' १९२३ पासून चार वर्षं लंडनमध्ये युद्धविरामदिनाला गायलं गेलं. १९३५ मध्ये ते भारतात आले, पुढे दिल्ली रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले आणि भारतीय वादकांना स्टाफ नोटेशन (पाच रेषांवर लिहिली जाणारी पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचायला शिकवून त्यांनी वाद्यवृंद उभा केला! १९३९ मध्ये कोलकात्यात पटकीनं गेले.

कुणाकडे 'इंडियन लिसनर'चे (ऑल इंडिया रेडिओचे कार्यक्रम छापणाऱ्या नियतकालिकाचे) १९३७ ते १९३९ चे अंक आहेत का? किंवा मुंबई-पुण्यातल्या एखाद्या ग्रंथालयात पाहिलेत? कार्यक्रमाच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटोही चालेल. त्या वादकांची नावं नोंदीत यायलाच हवीत.