वाडीत खताची कोठी करायची की उकंडाच बरा?

मागची_वाडी (ता. दारव्हा)

उन्हाळवाहीच्या आधी परवा घरचा उकंडा, म्हणजे शेणकचऱ्याचा उघडा ढीग, उपसला. तीन बंड्या (बैलगाड्या) निघाल्या. वरचं हातभर कुटार (मळणीचा भुसा) जसंच्या तसं पिवळं, मधात गुटख्याच्या पुड्या अन् शाम्पूची पाकिटं, काळं झालेलं तेवढं बुडाला. सासरे म्हणाले, टाका वावरात, तिथं कुजेल. मला ते पटलं नाही, म्हणून इथे लिहिते.

दोन वर्षांपासून मी मागच्या वाडीत वेगळं खत करते. तुराट्यांचा (तुरीच्या काड्यांचा) ताटवा गोल वळवून चार फूट रुंद, चार फूट उंच कोठी केली आहे. तळाला पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या) आडव्या-उभ्या टाकते, म्हणजे खालून हवा खेळते. त्यावर वीतभर सोयाबीनचं कुटार, मग भाजीचे देठ, साली, उष्टं, मग शेणकाल्याचा शिडकावा आणि दोन मुठी जुनं खत. भरेपर्यंत असेच थर. जागा कडुनिंबाखालची, वर ओला बारदाना. पंधरा दिवसांनी फावड्याने पलटवते. मृगानंतर भरलेली कोठी दिवाळीला मोकळी होते. खत हातात घेतलं तर चहापत्तीसारखं भुरभुरीत, वास मातीचा. वांगी, मिरची, चवळी, दोडके, सगळं त्याच्यावर. दोन वर्षांत वाडीत युरियाची मूठ पडलेली नाही.

उकंड्याचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. आषाढात झड लागली की आमच्या गल्लीतून चहाच्या रंगाचं पाणी वाहतं. ते उकंड्याचं पाणी. वर्षभर टोपल्याने वाहिलेलं खत चार दिवसांत नालीत जातं आणि आपण त्यावरून चपला हातात घेऊन चालतो. माझं मत स्पष्ट आहे: उघडा उकंडा बंद करावा, प्रत्येक घराने आवारातच कोठी करावी. ज्यांना पटत नाही त्यांनी का ते सांगावं.

काळी_जमीन (दर्यापूरकडला)

ताई, तुमची वाडी चांगली असन, मी नाई म्हनत नाई. पन उकंड्याले नावं ठेवू नका. माह्या आजानं, बापानं याच उकंड्यावर सहा एकर पिकवलं. दरसाल एका एकराले खत द्याचं, सहा वर्षात वावराचा फेरा पुरा. तुमच्या चार फुटाच्या कोठीत एक बंडी तरी निघते का? वांग्याच्या चार झाडाले पुरन, कपाशीले काय पुरनार?

अन् पानी कुठून आनाचं? आमचा खारपानपट्टा आहे. हिरीचं पानी खारट, जनावर तोंड लावत नाई. ते पानी खतावर मारलं त मीठच वावरात जाईन. नळ चार दिवसाआड. मे महिन्यात मानसाले पानी नाई अन् कचऱ्याले कुठून देऊ? उकंडा पानी मागत नाई, पलटवनं मागत नाई. वरून पाऊस पडते, खालून सडते.

पुसदकर_मास्तर

काकाजी, पाण्याचं म्हणणं मान्य. पण कोठीत शेतापुरतं खत होत नाही, हे मान्य नाही. थोड्या शेणातही ते करून दाखवणारा माणूस आमच्याच यवतमाळ जिल्ह्यातला, पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे. त्यांच्याच आद्याक्षरांवरून या पद्धतीला नाडेप नाव पडलं. जाळीदार विटांचं टाकं, १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. त्यात साधारण १४०० ते १५०० किलो काडीकचरा, शेण फक्त ९० ते १०० किलो, चाळलेली माती १७५० किलो. वरून शेणामातीने लिंपायचं, खाली बसलं की पुन्हा भरून लिंपायचं. तीन-चार महिन्यांत खत तयार. ढोरं कमी होत चाललेल्या गावाला याहून चांगला हिशेब मला माहीत नाही.

दुःख वेगळंच आहे. आमच्या गावात योजनेतून बांधलेली अकरा टाकी आहेत. दोनात खत होतं. बाकीच्यांत कोंबड्या, सरपण, एकात मोडकी सायकल. कारण टाकं एक-दोन दिवसांत एकदम भरावं लागतं. रोज एक टोपलं टाकत गेलं तर ते विटांचा उकंडाच होतं. भरायच्या दिवशी दीड टन कचरा आणि पावणेदोन टन माती जमवून ठेवायची असते, हे बांधताना कोणी सांगितलं नाही. विटा मोजल्या, फोटो काढला, गेले.

चूल_आणि_वावर (जि. वर्धा)

सगळं वाचलं. एक प्रश्न विचारते, राग मानू नका. ती माती चाळणार कोण? कोठी पलटवणार कोण? पाण्याचे हंडे कोणाच्या डोक्यावर?

माझा दिवस पाचला सुरू होतो. झाडझूड, शेण उचलणं, सैपाक, मग निंदायला. संध्याकाळी परत शेण. उकंड्यावर टोपलं उलटं केलं की माझं काम संपतं. ओलं वेगळं, सुकं वेगळं, थर लावा, ओल पाहा, पलटवा, हे म्हणजे घरात आणखी एक ढोर बांधल्यासारखं आहे. फरक एवढाच की दूध देत नाही. आणि शेणाची गोवरी लागते हो आम्हाला. सिलिंडर आहे, पण भरायला पैसे असले तर. पावसाळ्याआधी गोवऱ्या रचून ठेवल्या नाही तर झडीत चूल पेटत नाही. शेण खताला द्यायचं तर चुलीत काय घालू?

मागची_वाडी ताईंना हे सुचलं, त्यांनी आवडीने केलं, त्याचा मला आनंद आहे. पण "प्रत्येक घराने करावं" म्हटलं की ते काम घरातल्या बाईच्याच अंगावर येतं. ते मला मान्य नाही.

जीवामृतवाला

एवढी उठाठेव कशाला? अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी हे कधीच सांगून ठेवलं आहे. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. देशी गाईचं १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती, २०० लिटर पाणी. याचं जीवामृत होतं, एवढ्यात एक एकर. कुटार कोठीत न्यायचंच नाही, जागेवर आच्छादन म्हणून पसरायचं. गांडुळं आपोआप वर येतात. मी तीन एकर संत्र्याला पाच वर्षांपासून हेच करतो. कंपोस्ट म्हणजे वावरातलं उचलून घरी आणायचं आणि घरचं परत वावरात न्यायचं.

कृषी_पदवीधर (अकोला)

दोन-तीन गोष्टी आकड्यांत मांडतो, कारण दोन्ही बाजू थोडं जास्त बोलत आहेत.

शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का. युरियाची ४५ किलोची बॅग, नत्र ४६ टक्के, म्हणजे जवळपास २१ किलो. तेवढं नत्र शेणखतातून द्यायचं तर चार टन खत लागतं, आठ-नऊ बंड्या. बॅग २६६ रुपये ५० पैशांना मिळते. त्यामुळे नत्रासाठी खत करा असं कोणी सांगत असेल तर हिशेब बसत नाही. खत करायचं ते कर्बासाठी. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात चिखल होऊन बसते. तिला भुसभुशीत ठेवणं, ओल धरून ठेवणं, हे काम बॅग करत नाही.

जीवामृतवाले दादा, २०० लिटरमध्ये १० किलो शेण म्हणजे अन्नद्रव्य नगण्य. तुमच्या संत्र्याला फायदा होतो तो मला आच्छादनाचा जास्त वाटतो. आच्छादन सोडून नुसतं जीवामृत एका ओळीला देऊन पाहा.

उकंडा नीट का कुजत नाही? कुटार-काडीत कर्ब फार, नत्र कमी. दोन्हीचं प्रमाण २५ ते ३० ला १ असलं की जिवाणू जोमात येतात. उकंड्यात कुटार एकीकडे, शेण दुसरीकडे, हवा कुठेच नाही. कोठी बरोबर लागली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आतलं तापमान ५५ ते ६० अंशांवर जातं. त्या उष्णतेत गाजरगवताचं बरंचसं बी मरतं. परीक्षा सोपी आहे: लोखंडी सळई मधोमध खुपसा, दहा मिनिटांनी काढा, हातात धरवली नाही पाहिजे.

धानपट्टा_साकोली

आमच्याकडे कुटार नाही, तनीस (धानाचा पेंढा). पाण्याची अडचण नाही, उलट पावसाळ्यात कोठी झाकली नाही तर लगदा होतो. माझा विरोध वेगळ्या कारणाने. गेल्या वर्षी घरामागच्या ढिगातून मण्यार निघाला. ढीग उबदार, त्यात उंदीर, उंदरामागे साप. लेकरं अंगणात जमिनीवर झोपतात. मी ढीग मोडून टाकला, पुन्हा करणार नाही.

काळी_जमीन

सापाचं खरं आहे. अन् हुमनीचं कोनी बोललंच नाई. खतात पांढऱ्या अया बोटायेवढ्या निंगतात. ते वावरात गेल्या का मुया खातात.

मागची_वाडी

एकेकाचं सांगते.

काकाजी, खतातली प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते. मलाही आधी भीती वाटायची. मग एक गोष्ट शिकले. अळी काढून सपाट फरशीवर ठेवायची. पाठीवर उलटी होऊन सरपटत गेली तर ती फुलभुंग्याची, ती सडकंच खाते, खत बारीक करते. तिला परत कोठीत टाकते. कुशीवर पडून वळवळली, पायांवर चालायला बघितलं, तर शंका घ्यायची. अंगठ्याएवढी जाड असली तर बहुतेक गेंड्या भुंग्याची, तीही खतातच राहते. उरलेल्या कोंबड्यांना. आणि हुमणीचा खरा धोका कच्च्या शेणाचा आहे, म्हणजे परवा माझ्या सासऱ्यांनी वावरात टाकलं त्याचा.

पाणी मी वेगळं देतच नाही. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी बादलीत जमा होतं, तेच. मुठीत खत दाबलं आणि बोटांमधून एक-दोन थेंब आले की पुरे. एप्रिल-मेमध्ये कोठी भरतच नाही, सुकं नुसतं पोत्यांत साठवते. तुमच्या खारपाणाला माझ्याकडे उत्तर नाही. तिथे पावसाळ्यातच करावं लागेल.

साकोलीच्या भाऊंचं बरोबर आहे. लेकरं खाली झोपत असतील तर घराला लागून ढीग नको. माझी कोठी घरापासून तीस पावलांवर आहे, भाकरी-भात वरती उघडा टाकत नाही. तरी हात घालायच्या आधी काठीने ठोकते.

आणि वर्ध्याच्या ताई, तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यात आहे. "प्रत्येक घराने" हे मी लिहायला नको होतं. माझ्याकडे पलटवायचं काम धाकटा दीर करतो, ते मी वर लिहिलंच नाही, "पलटवते" लिहून मोकळी झाले. तो पुण्याला गेला असता तर माझ्याच्याने ही कोठी चालली असती का, खरंच सांगता येत नाही.

चूल_आणि_वावर

हेच ऐकायचं होतं. माझ्या घरी मालक आणि पोरगा फावडं धरायला तयार झाले तर मी थर लावीन. गोवऱ्या मात्र सोडणार नाही.

पुसदकर_मास्तर

गोवऱ्या सोडूच नका. पाच-सात किलो शेणाचा काला एका कोठीला पुरतो.

काळी_जमीन

त्या पदवीधर पोरानं सांगतलं म्हनून आज सकायी उकंड्यात सळई खुपसली. दहा मिनिट थांबलो. काढली त वरची हातभर थंडगार, मधात जराशी कोमट, बुडाची काळी चिकट अन् नाकाशी धरवत नाई असा वास. नातू म्हने, आबाजी, हे त सडून राह्यलं, शिजून नाई राह्यलं.

सहा एकराले उकंडाच लागते, हे माहं म्हननं कायम आहे. पन मिरगाचं पानी पडलं का त्याचा एक कोपरा उपसून कुटार-शेन थरानं लावून पाहतो. पलटवाले नातू आहे. पऱ्हाट्या आख्ख्या टाकाच्या का तोडून, तेवढं सांगा ताई.

मागची_वाडी

तळाला आख्ख्या. वर टाकायच्या असतील तर वीतभर तोडून, आणि किडकी बोंडं लटकलेली असली तर ती आधी तोडून जाळा. त्यात बोंडअळी बसलेली असते.