मदत हवी आहे: सेरेब्रल पाल्सी असलेल्या सात वर्षांच्या मुलासाठी घरी बसायची खुर्ची (गगनबावडा भाग, कोल्हापूर)

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहितीवर सल्ला मागायचा नाही.

आमच्या चर्चच्या महिला मंडळातल्या आम्ही सात-आठ जणी तीन वर्षांपासून महिन्यातल्या एका शनिवारी गगनबावडा तालुक्यातल्या वाड्यांवर जातो. शारीरिक अपंगत्व असलेलं लेकरू आहे अशी अकरा घरं आता ओळखीची झाली आहेत. गावात आम्हाला 'मिशनच्या बायका' म्हणतात. माझी आजी मिरजेच्या मिशन दवाखान्यात नर्स होती, डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या. तिच्या तोंडून लहानपणी पोलिओची मुलं, प्लास्टर, कॅलिपर (लुळ्या पायाला आधाराला बांधायच्या पट्ट्या) हेच ऐकलं. आम्हीही तेच डोक्यात ठेवून निघालो होतो: कॅलिपर द्यायचं, कुबड्या द्यायच्या, मूल उभं राहील. पण देशातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीतला. आमच्या अकरांपैकी सात मुलं सेरेब्रल पाल्सीची आहेत, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन आलेलं अपंगत्व. पोलिओत पाय लुळा पडतो. इथे हातपाय ताठ होतात, मान धरत नाही, घास गिळताना ठसका लागतो. हा फरक कळायला आम्हाला फार वेळ लागला.

मागच्या वर्षी वर्गणी काढून आम्ही यातल्या एका मुलाला व्हीलचेअर दिली. हार घातले, फोटो काढले. यंदा जूनमध्ये गेलो तर खुर्ची पडवीत होती आणि तिच्यावर भाताच्या बियाण्याचं पोतं ठेवलेलं. त्याची आई ओशाळली, लगबगीनं पोतं उतरवायला लागली. मी म्हटलं, राहू दे, आधी त्याला बसवून दाखव. बसवल्याबरोबर तो एका अंगाला कलला आणि हळूहळू खाली घसरत गेला. पाय फळीपासून वीतभर वर लोंबत होते. खुर्ची १८ इंच रुंद, मोठ्या माणसाची. देताना आमच्यापैकी एकीलाही त्याचं माप घ्यावंसं वाटलं नाही.

आई म्हणाली, "ताई, खाऊ नगं, कापडं नगंत. ह्येला नीट बसवायचं कायतरी द्या. मला दोन हातांनी भाकरी तरी थापता येईल."

दिवसभर तो तिच्या कडेवर नाहीतर घोंगडीवर उताणा. जेवणही आडवं निजवूनच भरवते. सासू म्हातारी, नवरा हंगामात ऊसतोडीच्या टोळीबरोबर बाहेर.

तर माझे प्रश्न असे. अशी खुर्ची मापाप्रमाणे कुठे बनवून मिळते का, की गावातला सुतार करू शकेल? केली तर कशी? गगनबावड्याहून सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, ५५ किलोमीटर. पावसाळ्यात मांडुकलीला रस्त्यावर पाणी आलं की तेही बंद, त्यामुळे दर आठवड्याला थेरपीला आणा असं सांगणं म्हणजे नुसतं बोलणं होतं. दोन भेटींच्या मधल्या तीस दिवसांत त्या आईला काय शिकवून ठेवावं?

आणखी एक विचारते, मनात आहे म्हणून. दोन घरांनी आम्हाला 'धर्म बदलायला आलात का' म्हणून दारातूनच परत पाठवलं. मला राग आला नाही, पण त्यातल्या एका घरात एक मुलगी आहे, वर्षभर अंथरुणावर. तिच्यापर्यंत कसं पोचायचं?

थेरपीवाली

ताई, मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. मूल न बघता व्यायाम सांगणार नाही, पण बसण्याचं आणि भरवण्याचं आजच सांगते.

आडवं निजवून भरवणं आधी थांबवा. घास श्वासनलिकेत जातो, मग वारंवार छाती भरते, न्यूमोनिया होतो. खुर्ची होईपर्यंत आईनं भिंतीला पाठ टेकून बसावं, त्याला मांडीवर सरळ बसवून अंगाला टेकवून घ्यावं, त्याची हनुवटी किंचित खाली राहील असं बघावं. मान मागे टाकून तोंडात ओतायचं नाही. मऊ, घट्टसर घास. पातळ पेज जास्त ठसकते.

कडेवर घेताना दोन्ही पाय एका बाजूला नकोत. एक पाय पुढे, एक मागे, मांड्या फाकलेल्या. या मुलांचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात, त्यानं पुढे खुबा निखळू शकतो. दिवसातून दहा वेळा ती त्याला उचलते, म्हणजे दहा वेळा फुकटचा व्यायाम. आखडलेला पाय हिसका देऊन सरळ करायला मात्र कुणालाही सांगू नका.

खुर्चीची मापं: पाठीपासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंत मोजा आणि त्यातून दोन बोटं कमी करा, ती बैठकीची खोली. गुडघ्यापासून टाचेपर्यंत, ती पायफळीची उंची. कुल्ल्यांची रुंदी अधिक दोन्हीकडे बोटभर. कंबर, गुडघा, घोटा तिन्ही काटकोनात. पट्टा पोटावर नको, मांड्या सुरू होतात तिथे, खाली-मागे ओढणारा. दोन गुडघ्यांमध्ये कापड गुंडाळलेला ठोकळा. समोर कोपराच्या उंचीला फळी, म्हणजे हात पुढे येतात आणि मानही जास्त वेळ धरते. सुरुवातीला वीस मिनिटं. उठवल्यावर कुल्ले आणि पाठ बघायची; लाली राहिली तर तिथे टोचतंय.

फिट येतात का त्याला? येत असतील तर गोळ्या संपू देऊ नका. मधल्या तीस दिवसांचं विचारलंत ना, त्यात हेही येतं.

सुतारकाम_करवीर

मापं टाका, मी करतो. लाकडाचे पैसे द्या, मजुरी नको. कुणीतरी पुठ्ठ्याची खुर्ची सुचवेल, पुठ्ठ्याचे थर खळीनं चिकटवून करतात, हलकी आणि स्वस्त होते. पण गगनबावड्याच्या पावसात ती चार महिन्यांत भिजट होईल. प्लायवूड घेऊ, वर वॉर्निश. पायफळीला तीन खाचा ठेवतो, पोरगं वाढलं की फळी खाली सरकवायची. चाकं नकोत, घर शेणानं सारवलेलं असेल ना?

कुंभीकाठ

मी त्याच भागातला. दारातून परत पाठवणाऱ्यांचं मनावर घेऊ नका, पण त्यांची शंकाही समजून घ्या. पुढच्या वेळी आधी गावच्या आशाताईंना (सरकारी आरोग्यसेविका) भेटा आणि त्यांच्याबरोबर जा. त्या मुलीच्या घरी पहिल्या भेटीत काहीच देऊ नका. वस्तू दिली की लोक विचारतात, बदल्यात काय? प्रार्थना करायची असेल तर तुमच्या घरी करा, त्यांच्या घरी फक्त मुलीचं काम. दोन-तीन खेपा झाल्या की त्यांना आपोआप कळतं.

सरकारी बाजूही धरून ठेवा. आरबीएसकेचं (मुलांच्या आरोग्य तपासणीची सरकारी योजना) पथक अंगणवाडी आणि शाळेत येतं, पण अंथरुणावरची मुलगी शाळेतच नाही, तर तिला बघणार कोण? अंगणवाडीताईंकडून तिचं नाव पथकाला द्या. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. ग्रामसभेत लेखी अर्ज द्या, तोंडी सांगून होत नाही. प्लायवूडचे पैसे तिथूनही निघतील.

एका_लेकीची_आई

माझी मुलगी आता एकोणीस वर्षांची, तिलाही सेरेब्रल पाल्सी. मला त्या माउलीबद्दल बोलायचंय. मला घरी येऊन सल्ला देणारे पुष्कळ भेटले. पण माझ्यासारखी दुसरी आई भेटली तेव्हा मी पहिल्यांदा रडले. तुमच्या त्या सात घरांतल्या आयांना एकदा एकत्र बसवा. एसटीचं भाडं तुम्ही द्या, मुलांना दोन तास तुम्ही सांभाळा आणि त्यांना नुसतं बोलू द्या.

दुसरं, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलंय का? नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून तपासणीला न्यावं लागेल. सेरेब्रल पाल्सीला नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा निरामय विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही धरतात. शाळेचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळेत नेणं जमत नसेल तर समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतून घरी येऊन शिकवणारे शिक्षक असतात, केंद्रप्रमुखांकडे विचारा. आणि उचगावच्या 'हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड'मध्ये एकदा जाऊन या. नसीमादीदी हुरजूक यांनी १९८४ मध्ये सुरू केलेली संस्था, त्या स्वतः व्हीलचेअरवर. तिथली मुलं बघून आलात की त्या आईला काय सांगायचं ते तुमचं तुम्हालाच सुचेल.

धागाकर्ती

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. शनिवारी जाऊन आले.

थेरपीवाली ताई, फिट येतात. गोळ्या दहा दिवसांपूर्वी संपल्या होत्या, आई रस्ता सुरू व्हायची वाट बघत होती. डॉक्टरांना फोन करून लगेच सुरू केल्या. आता अकराही घरांच्या गोळ्यांच्या तारखा आम्ही वहीत लिहिल्या आहेत, जूनच्या आधी दोन महिन्यांच्या पोचवणार.

सुतारदादा, मापं घ्या. टेप नेली होती, पण टेप बघून तो ताठ व्हायला लागला, मग आईनं चोळीची दोरी काढून मोजलं आणि गाठी मारल्या. घरी येऊन दोरी मोजली. पाठ ते गुडघा १२ इंच, म्हणजे दोन बोटं सोडून साडेदहा. गुडघा ते टाच ११. कुल्ले ९. बसल्यावर कोपराची उंची साडेपाच. घर सारवलेलंच आहे, चाकं नकोत. भाकरी करताना चुलीजवळ ठेवायची म्हणतेय, तेव्हा ठिणगी उडणार नाही इतकं अंतर राहील अशी फळी थोडी रुंद करता येईल का?

त्या दुसऱ्या घरी आशाताईंबरोबर गेले. आत बोलावलं नाही, पण पडवीत बसू दिलं, पाणी दिलं. पुढच्या महिन्यात परत जाणार आहे.